रुग्ण कोणाचा? : उपशामक शुश्रूषा व रुग्णालयीन वैद्यक यांच्यातील जबाबदारीचा इतिहास

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हा जबाबदारीचा प्रश्न फारसा गुंतागुंतीचा नव्हता. रुग्ण हॉस्पिसमध्ये दाखल झाला की डॉक्टरही बदलत. परंतु असंख्य मरणासन्न रुग्ण रुग्णालयातच राहत. त्यांच्या वेदनांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात मूत्ररोग शल्यविशारद बाल्फर माउंट यांनी १९७५ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. फ्रेंच भाषेत ‘हॉस्पिस’ या शब्दाला निराधारांच्या आश्रयस्थानाची छटा असल्याने त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ ही संज्ञा योजली.

खऱ्या अर्थाने जबाबदारीची वाटणी झाली ती लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. तेथे १९७७ मध्ये किरणोपचारतज्ज्ञ थेल्मा बेट्स यांच्या पुढाकाराने एक साहाय्यक पथक स्थापन झाले. या पथकाची स्वतःची एकही खाट नव्हती. रुग्ण मूळ डॉक्टरांच्याच नावावर राही. पथकाने बोलावणे आल्यावर जावे व सल्ला द्यावा, अशी रीत होती. मॉर्फिन वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी द्यावे, हे पथकाने सांगायचे. ते लिहून द्यायचे की नाही, हे मूळ डॉक्टरांनी ठरवायचे. या संकोचशील मर्यादेमुळेच वरिष्ठ डॉक्टरांना हे पथक प्रतिस्पर्धी वाटले नसावे. मात्र ज्याच्या डॉक्टरांनी बोलावलेच नाही, तो रुग्ण या सेवेपासून वंचित राही. हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये १९८७ साली या विषयाला स्वतंत्र विशेषशाखेची मान्यता मिळाली; पण त्यामुळे बोलावण्याची रीत संपली नाही.

मुंबईत आरंभ हॉस्पिसपासूनच झाला. कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये ‘शांती अवेदना’ ही संस्था सुरू केली. रुग्णालयीन विभाग पुढे उभे राहिले, आणि टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ पासून या विषयाचे एम. डी. शिक्षण सुरू झाले.

तत्पूर्वी, २०१० मध्ये बोस्टन येथील १५१ फुप्फुस-कर्करुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निदानानंतर लवकरच दोन्ही तज्ज्ञांची सेवा एकत्र मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान सुधारले. शिवाय केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा ते अधिक काळ जगले. बोलावणे शेवटच्या आठवड्यातच का यावे, या प्रश्नाला आता आकड्यांचेही पाठबळ मिळाले होते.