काँक्रीट ब्लॉकची भिंत : सामग्रीचा अंदाज

काँक्रीटच्या ब्लॉकची भिंत बांधण्यास किती ब्लॉक, सिमेंट, वाळू, खडी व गज लागतील याचा काम सुरू होण्याआधी केलेला हिशेब. घर, कुंपण, गोदाम किंवा गोठा यांपैकी काहीही बांधायचे असले तरी हिशेबाचे टप्पे तेच असतात : हाती येणाऱ्या ब्लॉकचे माप घेणे, भिंतीची लांबी-उंची ब्लॉकच्या पटीत बसवणे, दारे-खिडक्या वजा करणे, सांध्यांचा माल काढणे आणि शेवटी तूटफूट मिळवणे. क्षेत्रफळाला ठरीव आकड्याने गुणून आलेली संख्या ढोबळ अंदाजाला पुरते. प्रत्यक्ष मागणी थरवार मांडणीवरून काढावी लागते, कारण वाया जाणाऱ्या मालाचा मोठा भाग नकाशातील मापांनी आधीच ठरलेला असतो.

ब्लॉकची मापे : अमेरिकेत हार्मन पामर यांनी १९०० मध्ये पोकळ काँक्रीट ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले आणि त्यानंतर हे बांधकाम झपाट्याने पसरले. तेथे १६ इंच लांब व ८ इंच उंच हे माप रूढ झाले. भारतात आयएस २१८५ (भाग १) या मानकात पोकळ व भरीव ब्लॉकची मापे दिली आहेत. लांबी ४००, ५०० किंवा ६०० मिमी., उंची २०० किंवा १०० मिमी. आणि रुंदी ५० ते ३०० मिमी. अशी ती आहेत. ही नाममात्र मापे होत. प्रत्यक्ष ब्लॉक प्रत्येक बाजूने १० मिमी. लहान असतो आणि ती जागा सांधा भरून काढतो. म्हणून ‘४०० × २०० × १५०’ चा ब्लॉक फुटपट्टीवर ३९० × १९० × १४० मिमी. भरतो. महाराष्ट्रातील बाजारात त्यालाच सहा इंची ब्लॉक म्हणतात. चार इंची ब्लॉक आतल्या आडभिंतींना आणि आठ इंची बाहेरच्या भिंतींना वापरतात.

अनेक लहान कारखाने मात्र साचे पूर्ण ४०० × २०० मिमी. मापाचे ठेवतात, आणि तेथेच हिशेब चुकतो. मानकातील ब्लॉक सांध्यासह ०.०८ चौ. मी. जागा व्यापतो, म्हणून चौरस मीटरला १२.५ ब्लॉक बसतात. पूर्ण मापाचा ब्लॉक सांध्यासह ०.४१ × ०.२१ मी. व्यापतो आणि चौरस मीटरला साधारण ११.६ बसतात. फरक सात टक्क्यांचा आहे. पहिली खेप उतरवताना आठ-दहा ब्लॉक मोजून घेतल्यास तो लगेच लक्षात येतो. फुटांत हिशेब करणारे १६ × ८ इंची ब्लॉकसाठी शंभर चौरस फुटांना म्हणजे एका ब्रासला सुमारे ११३ ब्लॉक धरतात.

भिंतीची लांबी : खोलीच्या चारही भिंतींची बाहेरची मापे बेरजेत घेतली तर कोपरे दोनदा मोजले जातात. आतून ४ × ३ मी. असलेल्या खोलीला १५० मिमी. जाडीच्या भिंती असतील, तर बाहेरचा परीघ १५.२ मी. व मध्यरेषेची लांबी १४.६ मी. येते. भिंत ३ मी. उंच धरल्यास या ०.६ मी.पोटी बावीस-तेवीस ब्लॉक जास्त मोजले जातात. म्हणून अंदाजपत्रकात मध्यरेषेची लांबी धरतात.

कोपऱ्याची आणखी एक बाब जाडीशी निगडित आहे. आठ इंची ब्लॉकची रुंदी त्याच्या लांबीच्या निम्मी असते, त्यामुळे कोपऱ्यात एकाआड एक थर फिरवला की सांधेमोड आपोआप साधते. सहा इंची व चार इंची ब्लॉकची रुंदी निम्मी नसते, म्हणून प्रत्येक थरात कोपऱ्यालगत एक तुकडा कापून बसवावा लागतो. कोपरे जास्त असलेल्या आराखड्यात हे तुकडे वेगळे मोजावे लागतात.

वजावट : दारे, खिडक्या, लिंटेल व पाटल्या यांचे क्षेत्र एकूण क्षेत्रातून वजा करतात. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकानुसार बांधकामात ०.१ चौ. मी.पर्यंतची उघडीक वजा करत नाहीत. गिलाव्यासाठी ही मर्यादा ०.५ चौ. मी. आहे. हा नियम देयकासाठी आहे. ब्लॉक मागवताना खिडकीची बाजू थराच्या पटीत येते की नाही ते पाहावे लागते. खिडकीची रुंदी ४०० मिमी.च्या पटीत नसेल, तर वजा केलेल्या ब्लॉकपैकी काही दोन्ही बाजूंच्या तुकड्यांतच खर्ची पडतात.

थरवार हिशेब, एक उदाहरण : कुंपणाची एक बाजू घेऊ. २०० मिमी. चौरस असे सात आरसीसी कॉलम, त्यांच्यामध्ये सहा गाळे, प्रत्येक गाळा आतून २.८१ मी. आणि जोत्याच्या बीमवर सहा इंची भरीव ब्लॉकचे नऊ थर, म्हणजे १.८ मी. उंची. गाळ्याच्या मापातील शेवटचा एक सेंटिमीटर सहज पडलेला नाही : सात ब्लॉकचे २७३० मिमी. आणि कॉलमलगतच्या दोन सांध्यांसह आठ सांध्यांचे ८० मिमी. मिळून तो येतो.

सांधेमोडीसाठी विषम थरात सात पूर्ण ब्लॉक आणि सम थरात सहा पूर्ण व दोन अर्धे लागतात. पाच विषम थरांचे ३५ व चार सम थरांचे २४ असे एका गाळ्यात ५९ पूर्ण आणि ८ अर्धे ब्लॉक होतात. सहा गाळ्यांना ३५४ पूर्ण व ४८ अर्धे. क्षेत्रफळावरून हिशेब केला तरी साधारण ३७८ हीच संख्या येते, पण अर्धे कोठून येणार हे त्यातून कळत नाही. कारखान्यातून अर्धे ब्लॉक मिळाले किंवा कटरने सरळ कापले, तर एका ब्लॉकचे दोन अर्धे होतात आणि २४ ब्लॉक पुरतात. छन्नी-हातोड्याने फोडल्यास बहुधा एकच अर्धा धड निघतो. मग ४८ पर्यंत ब्लॉक लागू शकतात व एकूण गरज ४०२ वर जाते. नेहमीची पाच टक्के तूट धरून काढलेले ३९७ ब्लॉक अशा वेळी पुरत नाहीत.

हाच गाळा २.९१ मी. ठेवला, तर प्रत्येक थरात किमान एक वेड्यावाकड्या मापाचा तुकडा येतो, सहा गाळ्यांत मिळून ५४. भिंत जेमतेम दहा सेंटिमीटरने वाढते, पण कापणी, मजुरी आणि तुकड्यांचा ढीग कितीतरी वाढतो. म्हणून जाणता गवंडी पाया आखतानाच पहिला थर मालाशिवाय कोरडा मांडून पाहतो आणि कॉलमची जागा पक्की होण्याआधी अंतर सुचवतो.

सांध्यांचा माल : भिंतीच्या घनफळातून ब्लॉकचे घनफळ वजा केले की मालाचे घनफळ मिळते. सहा इंची ब्लॉकच्या एक चौ. मी. भिंतीचे घनफळ ०.१४ घ. मी. आणि तीत बसलेल्या १२.५ ब्लॉकचे ०.१२९७ घ. मी. भरते, उरलेले सुमारे १०.३ लिटर हा माल. आठ इंची भिंतीला तो १४ लिटर होतो. पोकळ ब्लॉकमध्ये माल फक्त दोन्ही बाहेरच्या कडांवर पसरला तर तो याहून कमी लागतो.

वरील कुंपणाचे क्षेत्र ३०.३ चौ. मी. असल्याने ०.३१ घ. मी. माल लागतो. घमेल्यातून सांडणे, थापीवरून गळणे व सांधे जाड होणे यांसाठी २५ टक्के धरल्यास तो ०.३९ घ. मी. होतो. कोरडे सिमेंट व वाळू पाण्यात कालवल्यावर आकसतात, म्हणून कोरडे घनफळ १.३ पट धरतात : ०.५१ घ. मी. १:६ प्रमाणात त्याचा सातवा भाग सिमेंट. सिमेंटचे वजन घनमीटरला १,४४० किलो धरून ते सुमारे १०४ किलो येते. दोन पोती थोडी कमी पडतात, म्हणून तीन मागवावी लागतात. वाळू ०.४३ घ. मी., म्हणजे पंधरा घनफूट. वाळू विकली जाते ती ब्रासने. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घ. मी.

सांधा १० ऐवजी १५ मिमी. झाला तर माल जवळजवळ दीडपट लागतो. शिवाय नऊ थरांत भिंत ४५ मिमी. वर चढते आणि वरचा पट्टा ठरलेल्या पातळीवर बसत नाही. आयएस २५७२ या बांधकाम संहितेनुसार काँक्रीटचे ब्लॉक विटांप्रमाणे पाण्यात भिजवायचे नसतात. हवा फार कोरडी असेल तर वरची व बाजूची पाठ किंचित ओली करतात. भिजलेला ब्लॉक भिंतीत गेल्यावर सुकताना आकसतो आणि भेगा पडतात. त्याच कारणाने माल ब्लॉकपेक्षा कडक ठेवत नाहीत. हालचाल झालीच तर भेग सांध्यात पडावी, ब्लॉक फुटू नये, हा हेतू. त्यामुळे जादा सिमेंट घातले की भिंत मजबूत होते ही समजूत येथे खर्च वाढवते आणि कामही बिघडवते.

वाळूचा फुगवटा : किंचित ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त जागा घेते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना ती २० ते ३० टक्के फुगते, बारीक वाळू त्याहूनही अधिक. पावसाळ्यात मापाने घेतलेली वाळू म्हणून कमी भरते आणि मालात सिमेंटचे प्रमाण नकळत वाढते. तपासणी सोपी आहे : डब्यात २०० मिमी. उंचीपर्यंत ओली वाळू भरायची, मग ती पाण्यात पूर्ण बुडवून ढवळायची. ती १६० मिमी.वर बसली तर फुगवटा २५ टक्के आणि वाळू तेवढीच जास्त मोजून घ्यायची.

पट्टा, पाटल्या व गज : वरील कुंपणावर १४० × ७५ मिमी. चा काँक्रीट पट्टा घातला तर १८.२६ मी. लांबीत ०.१९ घ. मी. काँक्रीट लागते. १:१.५:३ प्रमाणात, कोरडे घनफळ १.५४ पट धरून, सिमेंट सुमारे ७७ किलो, म्हणजे दीड पोते. गजाचे मीटरला वजन काढण्यासाठी व्यासाच्या (मिमी.) वर्गाला १६२ ने भागतात; ८ मिमी. गज ०.३९५ किलो भरतो. दोन गज व त्यांचे जोड मिळून सुमारे १५ किलो लोखंड लागते.

पोकळ ब्लॉकच्या भिंतीत कोपऱ्यांवर व दारांच्या कडेला उभा गज घालून ती पोकळी काँक्रीटने भरतात. मानकानुसार पोकळ ब्लॉकमध्ये घन भाग एकूण घनफळाच्या ५० ते ७५ टक्के असतो. पोकळी ४५ टक्के धरल्यास आठ इंची ब्लॉकच्या एका पोकळीत सुमारे ३ लिटर काँक्रीट जाते, म्हणजे ३ मी. उंच भिंतीत प्रत्येक भरीव कोपऱ्याला साधारण ४७ लिटर. भूकंपप्रवण भागात हा खर्च टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती ढासळल्या. त्यानंतर लातूर-धाराशिव परिसरातील अनेक पुनर्वसित गावांत सिमेंट ब्लॉकची घरे उभी राहिली.

गिलावा : सामग्रीच्या यादीत गिलावा अनेकदा मागाहून आठवतो, पण सिमेंट सर्वांत जास्त तोच घेतो. वरील कुंपणाला दोन्ही बाजूंनी १२ मिमी. जाडीचा १:४ गिलावा करायचा असेल, तर ६०.७ चौ. मी. क्षेत्राला, २० टक्के नासाडी धरून, सुमारे ३२७ किलो सिमेंट व ३२ घनफूट वाळू लागते. सांध्यांना लागलेल्या सिमेंटच्या हे तिप्पट आहे. एका बाजूला नुसत्या दरजा भरल्या किंवा ब्लॉक उघडे ठेवले, तर बचत येथेच होते.

इतर प्रकारचे ब्लॉक : वायुमिश्रित हलके ब्लॉक स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाले. पुण्यातील बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने सिपोरेक्स तंत्राने ते भारतात बनवले आणि महाराष्ट्रात आजही त्या जातीच्या ब्लॉकला सर्रास ‘सिपोरेक्स’ म्हणतात. ६०० × २०० मिमी. चे असे ब्लॉक ३ मिमी. सांध्याने चौरस मीटरला साधारण ८.२ लागतात. त्यांना सिमेंट-वाळूच्या मालाऐवजी तयार चिकटमिश्रण वापरतात, म्हणून वरचे मालाचे आकडे त्यांना लागू होत नाहीत. कोकण व गोव्यातील जांभ्याच्या चिऱ्यांचा हिशेबही ब्लॉकसारखाच मांडतात. चिऱ्यांची मापे एकसारखी नसल्याने माल मात्र बराच जास्त धरावा लागतो.

मागणी व मोजमाप : २,१०० किलो घनतेचा सहा इंची भरीव ब्लॉक सुमारे २२ किलोंचा असतो. उदाहरणातील ३७८ ब्लॉक सव्वाआठ टन होतात, त्यामुळे वाहतूक आणि जागेवर रचण्याची सोय आधी पाहावी लागते. आयएस २१८५ प्रमाणे ब्लॉक किमान १४ दिवस ओले ठेवून नंतर चार आठवडे सुकू द्यायचे असतात. कारखान्यात साठा नसेल तर मागणी किमान दीड महिना आधी नोंदवावी लागते, आणि मध्येच कमी पडलेले शंभर ब्लॉक घाईने आणले तर ते कच्चे येण्याचा धोका असतो.

खरेदीचा आकडा आणि मोजवहीतला आकडा एक नसतो. मोजवहीत उभी राहिलेली निव्वळ भिंत नोंदतात आणि तूटफूट दरातच धरलेली असते. खरेदीच्या यादीत फुटलेले, कापलेले व उरलेले ब्लॉकही येतात. दोन्ही आकडे प्रत्येक कामाला शेजारी शेजारी लिहून ठेवणाऱ्या ठेकेदाराला दोन-तीन कामांनंतर आपल्या गवंड्यांचा व आपल्या कारखान्याच्या मालाचा खरा अपव्यय कळतो. पुढच्या अंदाजात पुस्तकातील पाच टक्क्यांऐवजी तोच आकडा धरणे योग्य.