मांजर आपली, अंगण शेजाऱ्याचे

आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये कंबरेइतकी उंच भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे अम्मींच्या तीन मांजरी, पलीकडे काकूंची छोटीशी बाग. मोगरा, अळू, कोथिंबिरीचा एक वाफा आणि मधोमध तुळस. काकूंनी संध्याकाळी माती भुसभुशीत करून धणे पेरले की सकाळी तो वाफा उकरलेला असायचा आणि त्यात मांजरीची घाण. कधी वाफ्यात, कधी तुळशीच्या बुंध्याशी. त्या वर्षी काकूंची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. काकू एक दिवस भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "अगं, मांजरींचं काहीतरी बघा ना."

मी शाळेत शिकवते. उत्तर तोंडावर तयार असण्याची सवय. मी म्हणाले, "काकू, आमच्यात मांजर नापाक मानत नाहीत. आमच्या पैगंबरांनीच तसं सांगितलंय." काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग अगदी शांतपणे त्यांनी विचारले, "आणि शेजाऱ्याबद्दल काही नाही का गं सांगितलं त्यांनी?"

त्या प्रश्नाने मला पुस्तकांकडे वळवले. जे सापडले ते माझ्यासारख्या, अर्धी हदीस तोंडपाठ असणाऱ्या अनेकांच्या कामी येईल, म्हणून इथे मांडते आहे.

मी जिचा आधार घेतला ती हदीस मुवत्ता, अबू दाऊद, तिर्मिजी अशा मान्य संग्रहांत आहे. सहाबी हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांची सून कब्शा वुजूचे पाणी ओतत होती. एक मांजर पाणी प्यायला आली. हजरत अबू कतादांनी भांडे तिरके करून तिला पोटभर पिऊ दिले. सून चकित होऊन पाहते आहे हे पाहून त्यांनी सांगितले की पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मांजर नापाक नसल्याचे सांगितले आहे, कारण ती आपल्या घरात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे.

इथे विषय आहे तो मांजरीच्या तोंडाचा, तिने उष्ट्या केलेल्या पाण्याचा. घरभर फिरणाऱ्या प्राण्यापासून प्रत्येक भांडे जपणे माणसाला शक्य नाही, म्हणून ही सवलत मिळाली. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे हनफी. शाफई मताप्रमाणे मांजरीचे उष्टे पाणी पाक. हनफी मताप्रमाणे ते मकरूह, म्हणजे दुसरे पाणी असेल तर टाळलेले बरे. पण मांजरीची विष्ठा दोन्ही मतांत नजिसच आहे. म्हणजे मी काकूंना ऐकवलेली हदीस खरी होती, पण ती त्यांच्या वाफ्यातल्या घाणीला लागूच नव्हती. तोंडाचा नियम मी भलतीकडेच लावला होता.

दुसरी हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन काही मिळवूही दिले नाही. मांजर मेली आणि त्या पापाने बाई दोजखात गेली. ही हदीस ऐकून आपण असा अर्थ काढतो की मांजरीला अडवायचेच नाही. हदीसच्या भाष्यकारांनी मात्र तसा अर्थ घेतलेला नाही. बाईचा गुन्हा उपाशी मारण्याचा होता. दाणापाणी नीट असेल तर मांजर घरात ठेवायला हरकत नाही, असाच निष्कर्ष त्यांनी या हदीसमधून काढला.

आता बागेकडे येऊ. जनावर दुसऱ्याच्या शेतात किंवा मळ्यात शिरले तर काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कुरआनच्या सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलेमान (अ.) यांच्यासमोर आलेला खटला आहे. रात्री मेंढ्या एका शेतात शिरल्या आणि पीक फस्त झाले. तफसीरकार सांगतात की हजरत दाऊदांनी नुकसानीपोटी मेंढ्याच शेतकऱ्याला देऊन टाकल्या. हजरत सुलेमानांनी वेगळा तोडगा सुचवला. मेंढ्यांच्या मालकाने शेत पहिल्यासारखे करून द्यावे आणि तोपर्यंत मेंढ्यांचे दूध-लोकर शेतकऱ्याने घ्यावी. दोघांपैकी कोणीही कायमचा बुडू नये, अशी ती तोड होती.

मदीनेतही असाच प्रसंग घडला. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची सांडणी कोणाच्या तरी बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. पैगंबरांनी निवाडा दिला की दिवसा बाग राखणे हे बागवाल्याचे काम आणि रात्री जनावर सांभाळणे हे जनावरवाल्याचे. रात्री झालेले नुकसान जनावराच्या मालकाने भरून द्यायचे. हे वाचताना मी थांबले. आमच्या मांजरी भिंत ओलांडत त्या रात्रीच.

अर्थात सांडणी आणि मांजर एक नव्हे. मांजरीला दावे नसते आणि भिंत तिला अडवत नाही. म्हणून फिकहच्या विद्वानांनी तिचा वेगळा विचार केला. तेराव्या शतकात सीरियात होऊन गेलेले इमाम नववी शाफई पंथाचे फार मोठे नाव. त्यांच्या 'मिन्हाज'मध्ये मांजरीचा नियम आहे. एखादी मांजर दुसऱ्याचे पक्षी किंवा अन्न फस्त करते अशी तिची ख्यातीच झालेली असेल, तर रात्र असो की दिवस, नुकसानभरपाई मालकाने द्यायची. तशी ख्याती नसेल तर मालकावर बोजा नाही. त्याच शतकातले हंबली पंथाचे इब्न कुदामा हेही याच दिशेने जातात. कोंबड्या खाणारी मांजर जाणूनबुजून पाळणारा माणूस त्यांच्या मते चावरा कुत्रा पाळणाऱ्यासारखा जबाबदार.

हनफी मत मालकाला जास्त मोकळीक देते. मुक्या जनावराने आपल्या मनाने केलेल्या नुकसानीची भरपाई नाही, हे त्याचे मूळ सूत्र. पण त्यालाही मर्यादा आहेत. ऑटोमन राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारलेला दिवाणी कायदा कलमवार तयार झाला. त्याचे नाव 'मजल्ला'. त्याच्या ९२९व्या कलमात आधी हे सूत्र आहे आणि लगेच त्याचे अपवाद आहेत. आपले जनावर दुसऱ्याच्या मालाची नासाडी करताना मालकाने पाहिले आणि अडवले नाही, तर तो जबाबदार. मारका बैल, चावरा कुत्रा अशा जनावराच्या मालकाला गावातल्या, मोहल्ल्यातल्या कोणी 'तुझे जनावर बांध' असे बजावले आणि तरी त्याने मोकळे सोडले, तर पुढचे नुकसान त्याच्या माथी.

वाफ्यातली घाण म्हणजे मेलेली कोंबडी नव्हे, तिची किंमत कोणी ठरवणार नाही. मांजर मारक्या बैलासारखी नाही, हेही खरे. तरी या कलमामागचा विचार आपल्याला लागू पडतो. शेजाऱ्याने सांगण्याआधी आपण अजाण असतो, सांगितल्यानंतर नसतो. काकू ज्या दिवशी भिंतीपाशी आल्या, त्या दिवसापासून गोष्ट बदलली होती.

याच मजल्लाचे १९वे कलम एका हदीसवर उभे आहे. कोणाला नुकसान पोहोचवू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, असा तिचा आशय. यातला दुसरा भाग मांजरींमुळे वैतागलेल्या शेजाऱ्यांसाठी आहे. वाफ्यात घाण झाली म्हणून मांजरीला विष घालणे किंवा दगड मारून तिचा पाय मोडणे, याला इथे परवानगी नाही. आपली तक्रार कितीही रास्त असली तरी नाही.

आता कैरोची एक गोष्ट. मम्लूक सुलतान जाहिर बैबर्स (कारकीर्द १२६० ते १२७७) याने मांजरींसाठी एक बाग वक्फ केली होती. एडवर्ड लेन हा इंग्रज विद्वान १८२५ नंतर काही वर्षे कैरोत राहिला. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात या बागेची हकीकत आहे. कैरोच्या उत्तरेला, सुलतानाच्या मशिदीजवळ ती होती. तिचे नाव 'गैत-उल-कुत्ता'. आपल्याला वाचून हसू येईल, पण तिथे 'कुत्ता' म्हणजे मांजर! लेनच्या काळापर्यंत बाग अनेकदा विकली गेली होती आणि तिच्यापासून वर्षाला फक्त १५ पियास्टर येत होते. वक्फांची देखरेख काजीकडे असल्यामुळे मांजरींच्या जेवणाचा भार बहुतेक त्याच्यावरच पडे. रोज असरच्या सुमारास काजीच्या न्यायालयाच्या अंगणात मांसाचे तुकडे टाकले जात आणि आसपासच्या मांजरी तिथे जमत. लेन आणखी एक नोंद करतो. ज्यांना घरातली मांजर नकोशी होई, ते ती काजीच्या अंगणात आणून सोडत. म्हणजे मांजरींचा त्रास आणि त्यावरून होणारी कुरकुर तिथेही होती. फक्त त्यावर एक ठरलेली सोय होती.

इथे इतिहासात एक विलक्षण जोड आहे. मांजरीचा नियम लिहिणारे इमाम नववी आणि मांजरींना बाग देणारा सुलतान बैबर्स हे समकालीन. दोघांचा इंतकालही एकाच वर्षी, हिजरी ६७६ म्हणजे इसवी १२७७ मध्ये झाला. आणि दोघांचा एकमेकांशी संबंध आला तोही बागांवरूनच. सुलतानाने दमास्कसच्या लोकांच्या बागा आणि मळे ताब्यात घेण्याचे ठरवले, तेव्हा इमाम नववींनी त्याला कडक पत्रे लिहून विरोध केला. एक बाग मांजरींना देणारा राजा दुसरीकडे लोकांच्या बागा घेत होता. पुण्य कुठे आहे हे या दोन प्रसंगांतून कळते. सुलतानाने मांजरींवरची माया स्वतःच्या मिळकतीतून केली, तिला आपण आजही सवाब म्हणतो. दुसऱ्याच्या जमिनीचा प्रश्न आला तेव्हा त्याच काळातल्या मोठ्या आलिमाने त्याला अडवले.

मजल्ला तुर्कस्तानात १९२६ साली रद्द झाला. योगायोग असा की त्याच वर्षी इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे मांजरीचा खटला आला. बकल विरुद्ध होम्स. शेजाऱ्याच्या मांजरीने कबुतरे आणि कोंबड्या मारल्या होत्या. न्यायालयाने सांगितले की मांजर तिच्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागली, मालक जबाबदार नाही. पुढे १९७१ च्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीत शिरणाऱ्या गुरांची यादी झाली. तिच्यात गाढव, बकरी, कोंबडीसुद्धा आहे, पण मांजर नाही. तिथे बागा घरोघरी आणि मांजरीही घरोघरी, त्यामुळे वाफ्यातल्या घाणीवरून भांडणे होत राहतात आणि कायद्याचा फारसा उपयोग होत नाही. शेवटी शेजाऱ्याशी बोलूनच वाट काढावी लागते.

खरी वाट निघाली ती अमेरिकेत, तीही शेजारणीमुळेच. १९४७ च्या हिवाळ्यात मिशिगन राज्यातल्या एका बाईंची मांजरीसाठी ठेवलेली वाळू थंडीने गोठली. राख वापरून पाहिली तर घरभर काळी पावले उमटू लागली. त्या एडवर्ड लो नावाच्या शेजाऱ्याकडे वाळू मागायला गेल्या. त्याने त्यांना कारखान्यांत तेल टिपायला वापरतात ती माती दिली. ही माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच बहीण. बाई पुन्हा मागायला आल्या आणि त्यातून लोने मोठा धंदा उभा केला. मांजरीने घरातच विधी उरकण्याची सोय झाली.

मांजर भुसभुशीत मातीकडेच का जाते याचे उत्तरही यातच आहे. विष्ठा उकरून झाकणे हा तिचा स्वभाव. नुकता खणलेला वाफा तिला तयार शौचालय वाटतो. यात तिचा दोष नाही, पण धोका आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचे जीवनचक्र मांजरीच्या आतड्यात पूर्ण होते, हे १९७० च्या सुमारास सिद्ध झाले. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकतात. गरोदर बाईला पहिल्यांदाच ही लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला अपाय होऊ शकतो. म्हणून डॉक्टर गरोदर बायकांना मातीत हात घालताना हातमोजे घालायला सांगतात. काकूंची लेक त्या वर्षी रोज सकाळी तुळशीला पाणी घालत होती. काकूंनी हे कारण मला सांगितले नव्हते. मी ते विचारलेही नव्हते.

हे सगळे वाचून झाल्यावर मी अम्मींशी बोलले. आमच्याच अंगणाच्या कोपऱ्यात आम्ही चार विटा रचून वाळूची जागा केली. रोज सकाळी मी ती साफ करते. रात्री मांजरी आत घेतो. मग भिंतीपाशी जाऊन काकूंना म्हणाले, "काकू, तुम्ही विचारलं होतं ना, शेजाऱ्याबद्दल काही सांगितलंय का? खूप सांगितलंय. मलाच ठाऊक नव्हतं." त्या हसल्या. म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, असणार म्हणून."

एक मांजर अजूनही कधीमधी भिंत ओलांडते. काकू हाक मारतात, मी खुरपे घेऊन जाते.