मंगळावरचे कालवे, प्रवरेचे कालवे

१८७७ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. मिलानच्या वेधशाळेतून ज्योव्हान्नी स्कियापारेल्ली त्याचा नकाशा काढीत होता. त्या तांबूस बिंबावर त्याला काही रेषा दिसल्या व त्यांना त्याने ‘कानाली’ म्हटले. त्याच वर्षी अहमदनगर जिल्हा (२०२४ पासूनचा अहिल्यानगर) १८७६-७८ च्या महादुष्काळात होरपळत होता आणि दौंड-मनमाड लोहमार्गाच्या दुष्काळी कामावर माणसे माती वाहत होती. या दोन घटना शेजारी मांडणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु ‘परके जग राहण्याजोगे केव्हा म्हणावे?’ या प्रश्नाचा इतिहास आम्ही चाळू लागलो, तेव्हा तो पुनःपुन्हा पाण्यापाशी, आणि म्हणून नगरपाशी, येऊन थांबू लागला.

‘कानाली’ या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर असाही होतो. इंग्रजीत मात्र तो माणसाने खणलेल्या कालव्यांचा वाचक होऊन उतरला. भाषांतरातील एका निसरड्या शब्दाने एक अख्खी संस्कृती जन्माला घातल्याचे असे उदाहरण वाङ्मयेतिहासातही विरळाच. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेलने १८९४ मध्ये त्यासाठी वेधशाळा उभारली आणि पुढे पुस्तकामागून पुस्तके लिहून प्रतिपादन केले, की मंगळ वाळत चालला आहे आणि तेथील सुज्ञ रहिवासी ध्रुवावरचे बर्फाचे पाणी कालव्यांनी विषुववृत्ताकडे आणीत आहेत.

लोवेलचा मंगळ हा त्या काळच्या पाटबंधारे-अभियंत्याच्या स्वप्नासारखा आहे, असे आमचे मत आहे. दुष्काळाला उत्तर म्हणजे धरण आणि कालवा, ही श्रद्धा तेव्हा पृथ्वीवरही प्रबळ होती. तिच्यातूनच प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. जिल्ह्याच्या उत्तरेस ऊस आला, पुढे सहकारी साखर कारखाने आले. दक्षिणेकडचे तालुके पावसाकडे डोळे लावून बसले ते बसलेच.

लोवेलला सर्वांत खणखणीत उत्तर दिले ते आल्फ्रेड रसेल वॉलेसने, म्हणजे डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणाऱ्या त्याच वॉलेसने, आणि तेही वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. १९०७ मधील त्याच्या पुस्तकाचे नावच मुळी ‘मंगळ राहण्याजोगा आहे काय?’ असे होते. इतक्या विरळ हवेत आणि इतक्या थंडीत पाणी द्रवरूप राहणार कसे, असा त्याचा सवाल होता. शिवाय निरभ्र आकाशाखालच्या वाळवंटातून उघडे कालवे नेणे हे शहाण्यांचे काम नव्हे, असेही त्याने बजावले. बाष्पीभवनाचा हा हिशेब नगरच्या कोणाही शेतकऱ्याला मुखोद्गत असतो.

येथे एक विषयांतर. याच प्रवरेकाठी, नेवाशास, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. न चालणारा सूर्य चालतो असा भास होतो, हा तिच्यातील दृष्टान्त दाखवून ज्ञानेश्वरांस कोपर्निकसच्या आधी सूर्यकेंद्री सिद्धान्त ठाऊक होता, असे आजही हिरिरीने सांगितले जाते. आम्हांस हे वाचन मान्य नाही. तेथे कर्म करूनही अकर्ता राहणाऱ्या पुरुषाचे वर्णन चालले आहे. त्यास खगोलाच्या परीक्षेला बसविल्याने ना काव्याचे भले होते, ना खगोलाचे. तीच गोष्ट शिर्डीत नित्य घुमणाऱ्या ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ या बिरुदाची. आपल्या परंपरेला जगे अनंत आहेत याचे नवल कधीच नव्हते. तिच्या लोकांत, म्हणजे स्वर्गापासून पाताळापर्यंत, कोणी ना कोणी वसलेले असतेच. रिकामे जग ही कल्पना मात्र तिला जवळजवळ अपरिचित राहिली.

आधुनिक विज्ञानाचा आरंभ नेमका त्या रिकामेपणापासून होतो. १९५९ साली सू-शू ह्वांग यांनी ताऱ्याभोवतीच्या ‘वासयोग्य पट्ट्या’चा विचार मांडला: ताऱ्यापासून इतके अंतर, की पाणी उकळून जाऊ नये आणि गोठूनही जाऊ नये. १९९५ मध्ये सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह सापडला. आज ज्ञात परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. परंतु पट्ट्यात असणे म्हणजे राहण्याजोगे असणे नव्हे. मंगळाने चुंबकीय क्षेत्र गमावले आणि त्याचे बरेचसे वातावरण अवकाशात निसटले; शुक्रावर कधी पाणी असलेच, तर ते उष्णतेने नाहीसे झाले. उलट शनीचा चिमुकला चंद्र एन्सेलाडस पट्ट्याच्या कितीतरी बाहेर असूनही त्याच्या बर्फाखाली समुद्र आहे. शनीच्या ओढाताणीने त्याच्या पोटात ऊब टिकते. दूरच्या ताऱ्यांभोवतालच्या महाग्रहांनाही असे चंद्र असू शकतील; अद्याप एकही निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

पाणी मिळणे वेगळे आणि टिकणे वेगळे. हिवरे बाजारमध्ये वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तो पाऊस काही वाढला नाही. डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, सिंचनासाठी कूपनलिका आणि ऊस यांवर बंदी आली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. आकाशातील स्थान तेच, पट्टा तोच, पण एकेकाळी ओस पडत चाललेले गाव पुन्हा नांदते झाले.

पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या एका युरोपीय यानाचा क्षीण संदेश तिने टिपला. संदेशास येथवर यायला पावणेदहा मिनिटे लागत होती. यान जमिनीस टेकण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधीच तो थांबला. यान आदळून फुटले होते. त्याचे नाव होते स्कियापारेल्ली.