खाकीचा शब्द आणि वस्तीचा पुरावा

काही दिवसांपूर्वी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका गावातून एका तरुणाचा फोन आला. वस्तीत भांडण झालं, पोलीस आले, दोघांना गाडीत घालताना मारहाण झाली. पोराने मोबाईलवर ते टिपलं होतं. पण एका शिपायाने "गुन्हा दाखल करीन" असा दम दिला आणि त्याने तिथेच व्हिडिओ पुसून टाकला. नंतर मला विचारत होता, "दादा, पोलिसांचा व्हिडिओ काढणं खरंच गुन्हा आहे का?"

हा प्रश्न एकट्या त्या पोराचा नाही. पोलीस आणि वस्ती समोरासमोर आले की कुणाचं खरं मानायचं, हा त्यामागचा जुना प्रश्न आहे.

गंमत अशी की, पोलिसांच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे कायदा दीडशेहून अधिक वर्षं सांगत आला आहे. आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ झाला आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ म्हणून कायम आहे. ठाण्यात कबुली कशी वदवून घेतली जाते, हे इंग्रज सरकारला ठाऊक होतं. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी त्यांच्याच आयोगाने केली होती.

मग व्यवहारात खाकीचा शब्द जड का ठरतो? कारण शब्दाचं वजन जातीवर आणि वर्गावरही ठरतं. १९२८ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिलं. त्यात अस्पृश्यांना लष्कर, आरमार आणि पोलिसात मुक्त भरतीचा हक्क मागितला होता. ही मागणी नोकरीपुरती नव्हती. ज्या खात्यात आपला माणूसच नाही, त्या खात्याच्या कागदावर आपली बाजू कोण लिहिणार?

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती, असा तर्क झाला. ठाण्याच्या चार भिंतींत रात्री ती आणि पोलीस; साक्षीदार कोण असणार? १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने 'संमती नव्हती' असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरावं, अशी तरतूद झाली. एका मुलीचा शब्द मानला गेला नाही, म्हणून देशाला कायदा बदलावा लागला.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, असं सांगितलं गेलं. जाळपोळीची चित्रफीतही पुढे आली. पण ती कोणत्या वेळेची, यावरच वाद झाला. गुंडेवार आयोगाने गोळीबार अनाठायी ठरवला. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. यातून शिकायचं ते हे की, कॅमेरा आपोआप सत्य बोलत नाही. चित्रण कुणी केलं, किती वाजता केलं, आधी आणि नंतर काय घडलं, हे पाहावंच लागतं. हा नियम पोलिसांच्या फितीला लागू आहे, तसाच आपल्या व्हिडिओलाही.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. वस्तीतल्या मारहाणीचे व्हिडिओ लोकांनीच मोबाईलवर टिपले. अटकेतला वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. कोठडीत मारहाण झाल्याचं चित्रणात दिसत नाही, असं विधानसभेत सांगण्यात आलं. शवविच्छेदनाच्या अहवालात मात्र अनेक जखमांचा उल्लेख होता. आईने उच्च न्यायालय गाठलं, बाजू ॲड. प्रकाश आंबेडकरांनी मांडली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. साधा गुन्हा नोंदवण्यासाठी एका आईला दिल्लीपर्यंत लढावं लागतं!

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. २०१८ मध्ये वर्ध्याच्या एका ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एका नागरिकावर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. जुलै २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं स्पष्ट सांगितलं. आपला बुलडाणा जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. ठाण्याच्या आतली ही गोष्ट. मग भर रस्त्यावरच्या, सगळ्यांदेखत झालेल्या मारहाणीचं चित्रण 'गुपित' कसं?

पण भावांनो आणि बहिणींनो, हक्क वापरायची रीतही शिकली पाहिजे. अंतर ठेवा, पोलिसांच्या कामात आडवे येऊ नका. नाहीतर 'सरकारी कामात अडथळा' तयारच असतो. व्हिडिओ कापू नका, गाणी जोडू नका. ज्या फोनवर टिपला तो फोन सांभाळा. शेजारच्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र सक्तीचं आहे. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप म्हणून कोर्टात लंगडी पडते. शिवाय डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि चित्रण दीड वर्ष, निदान वर्षभर तरी, जपणं बंधनकारक केलं आहे. मारहाण ठाण्यात झाली असेल तर ते चित्रण जपून ठेवा, असा लेखी अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या.

कुणी म्हणेल, याने पोलिसांचं मनोधैर्य खचतं. कायद्याने वागणाऱ्या अधिकाऱ्यावर खोटा आरोप झाला, तर त्याला वाचवणाराही हाच व्हिडिओ असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रण पोलिसांनाच सक्तीचं केलं आहे. सरकारला स्वतःच्या पोलिसांचा नुसता शब्द पुरत नसेल, तर वस्तीने तो का पुरवून घ्यावा?

त्या पोराला मी एवढंच सांगितलं, "पुढच्या वेळी पुसू नको. आणि मला लगेच फोन कर."

जयभीम!