प्रिन्सेप, सांची आणि बोटभर पडदा

परवा भाचा दोन दिवस राहायला आला होता. हा आमच्या घरातला संगणकवाला. जेवणं झाल्यावर त्याने बॅगेतून हाताच्या पंजाएवढा आकड्यांचा कीपॅड काढला. बिनतारी, जुना, कडेला पिवळट पडलेला. वरच्या बाजूला दोन बोटं रुंद असा राखाडी पडदा. म्हणाला, "मामा, याचा पडदा लिनक्सकडून चालवून घ्यायचाय. तुम्ही झोपा, मी बसतो थोडा वेळ."

झोपतो कसला! शेजारी खुर्ची ओढून बसलो. तासाभराने मला जे कळलं ते असं, की हा पोरगा जे करतो आहे ते आम्ही बी.ए.ला इतिहासात शिकलो होतो. फक्त त्याला लिपीवाचन म्हणत.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे "गाडी चालवणारा" म्हणतील. संगणकाला प्रत्येक उपकरणाशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलावं लागतं. ती भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी कंपनी तो डब्यातल्या सीडीत देत असे. लिनक्सवाल्यांना बहुतेक वेळा सीडीही नाही आणि भाषेचं व्याकरणही नाही.

या दुखण्याची सुरुवात जुनी आहे, आणि तीही एका उपकरणापासूनच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रामच मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता, पण कुणाला देणार नाही असं त्याने लिहून दिलेलं. स्टॉलमनला तो नकार फार लागला. १९८३ च्या सप्टेंबरात त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने, वय वर्षं एकवीस, लिनक्सची घोषणा केली. कागद अडकण्यातून एवढं रामायण घडलं!

तर कीपॅडकडे वळतो. या जातीची उपकरणं २००३ च्या आसपास बाजारात दिसू लागली. लॉजिटेकचा डिनोवो नावाचा संच त्याच वर्षीचा. त्यात आकड्यांचा भाग मुख्य कीबोर्डपासून वेगळा केलेला होता, ब्लूटूथवर चालणारा, आणि त्याला छोटा पडदा. वेळ दिसे, बेरीज-वजाबाकी होई, गाण्याचं नाव येई. २००५ मध्ये त्याच कंपनीचा एमएक्स ५००० आला, तोही बिनतारी, त्याला कीबोर्डवरच पडदा. त्याच वर्षी जी १५, हा मात्र तारेचा.

कळा लिनक्सवर चालायच्या, कारण कळ दाबल्याचा निरोप कसा पाठवायचा याचा एक सर्वमान्य नियम आहे. (त्यातही गंमत. संगणक सुरू होताना त्याला ब्लूटूथ कळत नसतं, म्हणून रिसीव्हर आधी साध्या कीबोर्डचं सोंग घेतो. ते सोंग उतरवून त्याला खऱ्या ब्लूटूथ रूपात आणायला लिनक्सवाल्यांना वेगळा प्रोग्राम लिहावा लागला.) पडद्यासाठी मात्र तयार नियम हाताशी नव्हता. तो काय ऐकतो हे कंपनीला ठाऊक आणि तिच्या विंडोजच्या ड्रायव्हरला.

मग करायचं काय? ऐकत बसायचं. विंडोजच्या यंत्रावर कंपनीचा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि तारेवरून जाणारा प्रत्येक बाइट टिपून घ्यायचा. गाण्याचं नाव बदलायचं, कोणते बाइट बदलले ते बघायचं. एक अक्षर वाढवायचं, पुन्हा बघायचं. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९२ पासून सांबा हा प्रोग्राम असाच उभा केला. तो या पद्धतीला फ्रेंच कॅफेची उपमा देतो. भाषा येत नसलेल्याने कॅफेत बसावं, गिऱ्हाईक काय म्हणालं ते ऐकावं आणि वेटरने काय आणून ठेवलं ते बघावं.

इथे मला जेम्स प्रिन्सेप आठवला. कलकत्त्याच्या टांकसाळीतला हा अधिकारी. ब्राह्मी वाचणारा त्या काळी कुणी उरला नव्हता. १८३७ साली त्याच्यापुढे सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे आले. बहुतेक सगळे त्याच दोन अक्षरांनी संपत होते. त्याने तर्क केला, स्तूपाच्या कठड्यावर लोक काय कोरतील? दान दिल्याची नोंद. म्हणजे शेवटचा शब्द 'दानं'. द आणि न हाती लागले, त्याच्या आधी वारंवार येणारं अक्षर षष्ठीचा 'स' ठरलं, आणि बघता बघता अशोकाचे लेख उलगडले. तीनच वर्षांनी, चाळिशीत, बिचारा गेला. आज नाणेघाटातला सातवाहनांचा लेख आपण वाचू शकतो त्याच्या मुळाशी ती दोन अक्षरं आहेत.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आम्ही पण तेच करतो. जे पुन्हा पुन्हा येतं ते आधी पकडायचं." जी १५ चा पडदा १६० बाय ४३ ठिपक्यांचा. म्हणजे ६८८० ठिपके, आठाला एक बाइट धरला तर ८६० बाइट पुरावेत. पण तारेवरून जातात ९९२! का? प्रत्येक बाइट म्हणजे उभे आठ ठिपके. ४३ ओळींना असे सहा पट्टे लागतात, शेवटच्या पट्ट्यातल्या पाच ओळी वाया. १६० गुणिले सहा झाले ९६०, आणि सुरुवातीचे ३२ बाइट मथळ्याचे. मी कागदावर मांडून बघितलं. जमलं! रात्री साडेअकराला भागाकार करून एवढा आनंद निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झाला असेल. :-)

एक फरक मात्र मला डाचतो. प्रिन्सेपच्या लेखांचे कोरणारे मरून दोन हजार वर्षं झाली होती, त्यांना विचारण्याची सोय नव्हती. इथे लिहिणारे हयात आहेत, कचेरीत बसून चहा पीत आहेत! वस्तू पैसे मोजून घेतली तर तिच्याशी बोलायची भाषा वेगळी मागावी का लागते? अर्थात सगळ्यांना एकाच मापाने मोजणं बरं नव्हे. २०११ चा लॉजिटेकच्या नव्या रिसीव्हरचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीच्याच अभियंत्याने लिहिलेला आहे. आणि जी १५ च्या जादा कळा व दिव्यांसाठीचा ड्रायव्हर हान्स द गूडे या डच प्रोग्रामरने लिहिला तो २०१९ साली, कीबोर्ड बाजारात येऊन चौदा वर्षं झाल्यावर. इतकी वर्षं कुणीतरी तो जपून ठेवला होता, म्हणूनच ना?

पडद्यांची कामं मधल्या काळात एलसीडीप्रॉक नावाच्या प्रोग्रामभोवती गोळा झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा हा प्रोग्राम कितीतरी तऱ्हेचे छोटे पडदे चालवतो. त्यातले पुष्कळसे हिताचीच्या एचडी ४४७८० या चिपवरचे, फक्त अक्षरं दाखवणारे. मी साहजिकच विचारलं, "मराठी?"

भाचा हसला. त्या चिपमध्ये रोमन अक्षरं कारखान्यातच बसवलेली असतात, एका प्रकारात जपानी कटाकानाही. आपल्या मनाची अक्षरं घालायला जागा फक्त आठ, आणि प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांची. आमची बाराखडीच बारांची! शिवाय दोन अक्षरांच्या चौकटींमध्ये फट असते, त्यामुळे शिरोरेषा दर अक्षराला तुटणार. पहिलीतल्या पोराच्या पाटीसारखी.

भाच्याच्या कीपॅडचा पडदा मात्र ठिपक्यांचा होता, फटी नसलेला. मी चौकटीच्या वहीत शब्द काढून द्यायचा आणि त्याने ठिपके भरायचे असं ठरलं. शब्द अर्थात 'नाणेघाट'. पहिल्यांदा पडदा नुसता काळा झाला. दुसऱ्यांदा शब्द उलटा आला. हिला दोनदा चहा करावा लागला. "काय मामा-भाचे रात्रभर खुडबुडताय" असं ऐकूनही घेतलं. पावणेदोनला पडद्यावर अखंड शिरोरेषेखाली अक्षरं उभी राहिली.

चष्मा पुसून बघितलं तर 'नानेघाट'.

"अरे, ण कुठे गेला?"

"मामा, वहीत तुम्हीच न काढलाय."

वही पाहिली. खरंच होतं. लाल पेन आणून दुरुस्त केलं, त्याने ठिपके बदलले, आणि मग आम्ही झोपलो.