मॅमोग्राफी नॉर्मल, मग एमआरआय कशाला?

प्रकाशाहून मावशीचा फोन. लोब्युलर ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपलेत, मॅमोग्राफी नॉर्मल आहे. "मग डॉक्टर एमआरआय का सांगतात रे?"

मंडळी, त्यासाठी १९४१ मध्ये जाऊ. फेब्रुवारीत मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये फूट आणि स्टुअर्ट यांनी 'लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू' हे नाव दिलं. लोब्युलर कॅन्सरमध्ये पेशींना चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन बहुतेकदा नसतं. त्यामुळे ठळक गाठ होण्याऐवजी पेशी एकामागे एक रांगेत पसरतात. एक्स-रेमध्ये अशी रांग सहज निसटते, डेन्स स्तनात तर जास्तच. एमआरआयमध्ये शिरेतून दिलेलं औषध गाठीकडचा रक्तपुरवठा दाखवतं, म्हणून तो जास्त पकडतो. पण फॉल्स अलार्मही देतो, मग उगाच बायोप्सी!

मावशीला म्हटलं, "वर्षाची मॅमोग्राफी चुकवू नको. आणि रिपोर्टमध्ये 'डेन्स' लिहिलंय का, ते आधी बघ."

ती चष्मा शोधायला गेली.