कडक तळ, मऊ तळ : बधिर पावलांच्या पादत्राणाचा इतिहास

१/ चपलेचा तळ कडक असावा की मऊ? बहुतेकांसाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न. कुष्ठरोगाने तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र पाय शाबूत राहणार की कापावा लागणार, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. वरोरा आणि वेल्लोर यांना जोडणाऱ्या या इतिहासाचा हा धागा.

२/ मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले; उद्घाटन विनोबांच्या हस्ते झाले. साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढेच भांडवल होते. रुग्णाला भिक्षा नको, काम हवे, हा बाबांचा आग्रह. त्यातून विहिरी खोदल्या गेल्या, शेते उभी राहिली.

३/ परंतु श्रम करायचे तर पाय लागतात. चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. जमिनीत बाभळीचे काटे, कपाशी उपटल्यावर मागे राहिलेले टोकदार खुंट. निरोगी शेतकऱ्यालाही हे सारे जाचते. ज्याला जाचच कळत नाही, त्याची गत याहून वाईट.

४/ कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू शरीराच्या थंड भागांतील मज्जातंतूंना ग्रासतो. घोट्याच्या आतील बाजूने तळव्याकडे जाणारा मज्जातंतू निकामी झाला की तळवा बधिर होतो. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण येथे उलटी पडते : जळते त्याचे, पण कळत नाही त्यालाच.

५/ या रोगात मांस आपोआप सडते आणि बोटे झडतात, असा समज शतकानुशतके होता. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली. त्यांनी जंतू आटोक्यात येऊ लागला. तरीही बऱ्या झालेल्या माणसांच्या तळव्यांना व्रण पडतच राहिले. म्हणजे व्रणांचे कारण निराळे होते.

६/ ते कारण स्पष्ट करणाऱ्यांत शल्यविशारद पॉल ब्रँड अग्रणी होते. जन्म १९१४, बाबा आमट्यांच्याच वर्षी. जन्मस्थान तमिळनाडूतील कोल्ली डोंगर. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष असा : मांस रोगाने सडत नाही, वेदनेचा इशारा नसल्याने माणूस स्वतःच्या नकळत ते झिजवतो.

७/ चालण्याची रीत येथे महत्त्वाची ठरते. प्रथम टाच टेकते, मग सारा तळवा, आणि शेवटी चवड्यावर जोर देऊन शरीर पुढे ढकलले जाते. त्या अखेरच्या क्षणी चवड्यावर मोठा भार येतो. दुखू लागताच निरोगी माणूस नकळत चाल बदलतो, थोडा लंगडतो, भार दुसरीकडे नेतो. बधिर पाय त्याच जागी हजारो वेळा आपटत राहतो.

८/ पहिला उपाय मऊपणाचा. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. तळव्याचा अधिक भाग टेकला की दाब विभागला जातो. त्यासाठी मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजेच ‘एमसीआर’, वापरात आले. सूक्ष्म हवेच्या पोकळ्यांचे हे रबर. त्याची कठीणता ‘शोअर’ मापनावर सुमारे १५ अंश असते, म्हणजे ते चिमटीत सहज दबते.

९/ पण निव्वळ मऊ तळ काटा अडवत नाही. म्हणून एमसीआरच्या थराखाली कठीण रबराचा तळ जोडला गेला. खिळे वर्ज्य ठरले, कारण झिजलेल्या तळातून वर आलेला खिळा घालणाऱ्याला कळत नाही. टाचेमागे पट्टा आला. बधिर पायातून निसटलेली चप्पलही लक्षात येत नाही.

१०/ ज्यांच्या पायाला वारंवार व्रण पडले, हाडे झिजून पाऊल आखूड झाले, त्यांना एवढे पुरेना. त्यांच्यासाठी उलटी युक्ती निघाली : तळ अजिबात न वाकणारा करायचा आणि त्याला खालून पाळण्याच्या पायासारखी गोलाई द्यायची. मग बोटे वाकत नाहीत, चवड्यावर जोर येत नाही. पाऊल टाचेकडून पुढे नुसते कलते.

११/ मात्र ताठ तळाचीही किंमत असते. असा जोडा जड होतो आणि ढेकळांच्या शेतात, बांधावर तोल सांभाळणे कठीण जाते. म्हणून सर्वांना एकच पादत्राण चालत नाही. पाय बधिर पण अखंड असेल तर मऊ अस्तराची चप्पल. जुने वण असतील तर तळव्याच्या आकाराचे अस्तर. पाऊल विद्रूप झाले असेल तर ताठ, गोलाईचा तळ.

१२/ पादत्राणाबरोबर चालही बदलावी लागते. लांब ढांगा टाकल्या की चवड्यावरचा जोर वाढतो, म्हणून रुग्णांना लहान पावले टाकायला आणि सावकाश चालायला शिकवले जाते. १९६६ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल येथे गेल्यावर ब्रँड यांनी रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे वापरले. जेथे दाब अधिक, तेथे कुप्या फुटून डाग उमटत. न जाणवणारी वेदना अशी डोळ्यांना दिसू लागली.

१३/ एक अडचण तंत्राने सुटली नाही. एमसीआरची काळी, ठरावीक घडणीची चप्पल दिसली की लोक घालणाऱ्याला ओळखत. पाय वाचवणारी वस्तूच कलंकाची खूण बनली. अनेकांनी ती घरी ठेवली आणि साध्या चपलेने जखमा ओढवून घेतल्या. पुढे सर्वसामान्य दिसणारे नमुने करण्याकडे लक्ष गेले, त्यामागे ही जाणीव होती.

१४/ १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. वेळेवर औषध मिळालेल्यांचे मज्जातंतू वाचू लागले. तरी चंद्रपूर आणि गडचिरोली आजही राज्यातील अधिक रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांत गणले जातात. शिवाय औषधाने जंतू मरतो, पण दीर्घकाळ बधिर झालेला तळवा सहसा पुन्हा जागा होत नाही. त्या पायांना जन्मभर योग्य तळ लागतो.

१५/ मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांसाठी आज देशभर मऊ अस्तर, ताठ तळ आणि गोलाई यांचाच आधार घेतला जातो. कुष्ठरुग्णांच्या जखमांतून मिळालेले हे ज्ञान आहे. मात्र कोणताही तळ वेदनेची पूर्ण जागा घेत नाही. म्हणून जुना नियम कायम आहे : चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आतून चाचपायची आणि रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहायचे.